सही कुणाची चालते?

गेल्या अंकात तरुण मुलं संस्थांमध्ये का टिकत नाहीत यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात पुण्यातल्या तमिळ मंडळांबद्दलची इतकी निघाली की हा महिना त्यांनाच देतेय. पत्रं सगळी मराठीतच आहेत, काही इथेच जन्मलेल्या तमिळ वाचकांची, काही तमिळ घरात दिलेल्या मराठी मुलींची. नावं छापत नाही, मंडळांची पण नाही.

प्रश्न : ताई, माझं माहेर सदाशिव पेठेतलं, सासर तमिळ. सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, वय ७८. रास्ता पेठेतल्या एका तमिळ मंडळाचे सेक्रेटरी आहेत, मी लग्न होऊन आले तेव्हाही तेच होते आणि आता माझी मुलगी कॉलेजात जाते. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली, डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलंय पण पोंगलच्या आधी महिनाभर आमच्या घरात नुसता हॉलवाला, केटरर, पावतीपुस्तकं आणि फोन. सोडा म्हटलं की म्हणतात, "कुणाला देऊ? आहे कोण?" माझा नवरा तयार नाही, तो म्हणतो मी गेलो तर अप्पांचा मुलगा म्हणूनच जाणार. मी काही बोलले तर मराठी सून आमच्यात नाक खुपसते असं होईल. काय करू? (पिंपळे सौदागर)

उत्तर : अप्पा "आहे कोण" म्हणतात ते हट्टानं म्हणत नाहीत हो, त्यांना खरंच कुणी दिसत नाहीये, आणि का दिसत नाहीये ते आधी बघूया कारण उपाय तिथेच आहे.

पुण्यातली तमिळ वस्ती जुनी आहे. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी इथे बसली आणि फौजेच्या मागोमाग मद्रासकडचे कंत्राटदार, कारकून, मजूर आले, रास्ता पेठेजवळचा मुदलियार रोड त्या जुन्या मंडळींची आठवण सांगत आजही आहे. खडकीची अम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, पुढे देहूरोडचा डेपो झाला, मग रेल्वे, बँका, टेल्को, सरकारी ऑफिसं, प्रत्येक वेळी नवी माणसं येत गेली आणि जवळजवळ राहत गेली. अप्पांच्या तरुणपणी मंडळाचं काम कुणी कुणाला शिकवलं नसणार. शेजारचा मुलगा मार्गळी या तमिळ महिन्यातल्या भजनाला यायचा, सतरंज्या घालायचा, मग पावत्या फाडायला लागायचा, मग हिशेबाला बसायचा आणि दहा वर्षांनी तोच खजिनदार व्हायचा. सगळे चालत जाण्याच्या अंतरावर होते म्हणून हे आपोआप व्हायचं. आता तीच घरं वाकडला, खराडीला, उंड्रीला गेली, तुम्ही पिंपळे सौदागरला, आणि मुलं वर्षातून दोनदा गाडी काढून कार्यक्रमाला येतात आणि जातात. आपोआप शिकायची सोय बंद झाली आणि तिच्या जागी मुद्दाम शिकवायची सोय कुणी केलीच नाही, म्हणून अप्पा मागे वळून बघतात तर रिकामं.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला अगदी पटतं. मुलाला गादीवर बसवलं की बाकीची घरं मनातून सुटतात, बोलून कुणी दाखवत नाही पण पुढच्या वर्षी वर्गणीत दिसतं. तो पर्याय सोडून द्या, त्यांना गिल्ट देऊ नका.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. अप्पांजवळ जे आहे ते निम्मं कपाटात आणि निम्मं डोक्यात आहे. कपाटातलं म्हणजे रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, धर्मादाय कार्यालयाकडचा शेड्यूल वनचा उतारा (ट्रस्टची, विश्वस्तांची आणि मालमत्तेची नोंद), पॅन कार्ड, बँकेची कागदपत्रं, ऑडिट रिपोर्ट, जागेचे कागद. डोक्यातलं म्हणजे कोणता देणगीदार दरवर्षी न मागता देतो आणि कोणाला फोन केलाच पाहिजे, कोणत्या हॉलवाल्याला डिपॉझिट आधी लागतं, कुणाकुणाचं आपसात जमत नाही म्हणून एका कमिटीत घालायचं नाही. यातलं डोक्यातलं गेलं की परत मिळत नाही. रविवारी दुपारी त्यांच्यासमोर वही घेऊन बसा आणि विचारत जा, मराठीत लिहा, तारखा लिहा. ८०जी चं, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं, रजिस्ट्रेशन शेवटचं कधी झालं हे जरूर विचारा, २०२१ पासून ते कायमचं राहिलेलं नाही, पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि बऱ्याच छोट्या संस्थांमध्ये ही तारीख एकट्या सेक्रेटरीला माहिती असते. हे नाक खुपसणं नाहीये. घरातल्या माणसाला हे जितक्या मोकळेपणानं सांगतील तितकं कमिटीतल्या माणसाला कधीच सांगणार नाहीत, आणि सुनेनं विचारलं म्हणून त्यांना बरंच वाटेल बघा.

दुसरं, त्यांना "सोडा" म्हणू नका, तारीख विचारा. तमिळ मंडळांसाठी एक फार सोयीची तारीख आहे आणि ती कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. पोंगल जानेवारीच्या मध्यात होतो, वर्षातला मोठा कार्यक्रम संपतो, हिशेब ताजे असतात, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. या अडीच महिन्यांत नवा सेक्रेटरी अप्पांच्या शेजारी बसून हिशेब बंद करायला शिकतो आणि १ एप्रिलपासून खुर्चीवर बसतो. त्याचा पहिला कार्यक्रम येतो पुत्तांडू, तमिळ नवं वर्ष, १४ एप्रिलच्या आसपास, जो बहुतेक ठिकाणी छोटाच असतो, चुकलं तरी चालतं. मग नवरात्रातला कोलू, म्हणजे पायऱ्यांवरची बाहुल्यांची मांडणी, आणि पुढच्या पोंगलपर्यंत त्याच्या हातात नऊ महिने. अप्पांनी हा पुढचा पोंगल पूर्ण स्वतःच्या हातानं, मानानं करावा आणि त्याच स्टेजवर जाहीर करावं की हिशेब बंद झाले की मी मोकळा. मग माणूस शोधायला कमिटीला पण धाक राहतो.

आणि एक गोष्ट मात्र सोडू नका. ज्या दिवशी पद जाईल त्याच आठवड्यात बँकेतली सही बदलायला अर्ज द्या. मी अशी कितीतरी मंडळं बघितलीत जिथे नवा सेक्रेटरी झाला, हार घातला, फोटो काढला आणि चेकवर सही जुन्याच काकांची, नेट बँकिंगचा ओटीपी पण काकांच्याच फोनवर, आणि काका सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला. इथे पोरगा माइकवाल्याला तीन हजार द्यायला रात्री अकरा वाजता त्यांना व्हॉट्सॲप करतोय, तिकडे ते दुपारच्या जेवणावर. एका वर्षात तो मुलगा कंटाळतो आणि मग सगळे म्हणतात बघा, टिकला नाही.

प्रश्न : नमस्कार. मी २६ वर्षांचा, जन्म देहूरोडचा, घरात तमिळ, शाळा मराठी मीडियम. तमिळ बोलतो पण वाचता येत नाही. मंडळानं दोन वर्षांपूर्वी मला युवा विभाग प्रमुख केलं. काम काय तर खुर्च्या, साउंड, कावडीच्या मिरवणुकीच्या दिवशी पाणी वाटप, फेसबुकचं पेज. लहान मुलांसाठी तमिळ वाचनाचा क्लास काढू म्हणून पंधरा हजार मागितले तर तीन मीटिंग झाल्या, "बघू" चाललंय. मिनिट्स तमिळमध्ये असतात ती मला वाचता येत नाहीत. त्यात आता हिंजवडीचे आयटीवाले आलेत, मदुराई कोइमतूरचे, ते आमचं तमिळ ऐकून हसतात. चारपाच मित्र म्हणतात आपलं वेगळं मंडळ काढू. काढू का? (देहूरोड)

उत्तर : मित्रा, तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्यावर अन्याय होतोय हे आधी स्पष्ट सांगते, कारण तुला दोन वर्षांत ते कुणी म्हटलं नसणार. पद दिलं आणि पैसा, मत, कागद यातलं काहीच दिलं नाही तर ते पद नसतं, ती हक्काची हमाली असते.

वेगळं काढायचं की नाही याचं उत्तर तुझ्या हातात काम काय आहे त्यावर आहे. चेन्नईत सभांची, म्हणजे कर्नाटक संगीताच्या संस्थांची, परंपरा खूप जुनी आणि वजनदार, म्युझिक अकॅडमीच १९२८ ची. तिथे १९८५ साली तरुण गायक-वादकांनी एकत्र येऊन यूथ असोसिएशन फॉर क्लासिकल म्युझिक नावाची स्वतःची संस्था उभी केली. विजय शिवा, संजय सुब्रह्मण्यन, टी. एम. कृष्णा ही आज मोठी झालेली नावं तरुणपणी त्यात होती. त्यांनी संगीत शाळा-कॉलेजातल्या मुलांपर्यंत न्यायचं काम धरलं, मोठ्या सभांचा तो रोजचा उद्योगच नव्हता. आणि पुढे हीच मुलं त्याच मोठ्या सभांच्या स्टेजवर मानानं गायली. म्हणजे वेगळी संस्था काढली म्हणून नातं तुटलं असं काही झालं नाही. तुझ्याकडे वाचनवर्गाचं काम आहे, ते खरं काम आहे, देहूरोडला त्याची गरज पण आहे. पण नुसता राग असेल आणि दुसरा पोंगलच करायचा असेल तर दोन अर्धे पोंगल होतील आणि वर्गणी मागायला लोक एकाच दारात दोनदा जातील.

म्हणून आधी एकदा नीट माग. तोंडी नको, लेखी दे. वाचनवर्गासाठी वर्षाची ठरलेली रक्कम, ती खर्च करायला प्रत्येक वेळी मीटिंगची परवानगी नको. कार्यकारिणीत युवा विभागाचं एक मत, निमंत्रित म्हणून बसणं नको. आणि ठराविक रकमेपर्यंत सहीचा अधिकार, हवं तर खजिनदारांच्या सहीबरोबर. तारीख घाल, पोच घे, तीन महिने थांब. नाही झालं तर वेगळं काढ आणि मनात काही ठेवू नकोस.

पण मागायच्या आधी एक तपास. तुझे ते चारपाच मित्र आणि बाकीची मुलं सभासद आहेत का? खरोखरची, पावती असलेली? सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० चा, त्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजतही नाहीत. तरुणांची वर्गणी कुणी मागायलाच येत नाही, ते पण भरत नाहीत, आणि मग सर्वसाधारण सभेत हात वर करायची वेळ आली की यादीत सगळे साठीच्या पुढचे. पोरं म्हणतात आमचं ऐकत नाहीत, अरे पण कायद्यानं तुम्ही त्या खोलीत नाहीच आहात. तुमचं मंडळ सोसायटी म्हणून नोंदलेलं असेल तर आधी वीस-पंचवीस जणांच्या पावत्या फाडून घे.

मिनिट्सचं म्हणशील तर ती तमिळमध्ये असावीत, जरूर असावीत, त्या मंडळाची ती भाषा आहे. पण सोबत मराठी प्रत हवी, कारण धर्मादाय कार्यालयात कागद जातात तेव्हा तमिळ मिनिट्सचं भाषांतर जोडावंच लागतं आणि तुमची मंडळी त्यासाठी एजंटला पैसे देत असणार. मराठी मीडियमचा मुलगा त्या कमिटीत आहे आणि त्याला खुर्च्या लावायला ठेवलाय! ते काम तू माग. मिनिट्सची मराठी प्रत करायची म्हणजे कुणीतरी शेजारी बसून तुला तमिळ मिनिट्स वाचून दाखवणार, म्हणजे आपोआप सगळे निर्णय तुला कळणार.

आणि वाचायला शीक, ते अवघड नाहीये. तमिळमध्ये १२ स्वर, १८ व्यंजनं, आणि देवनागरी येणाऱ्याला रचना ओळखीची वाटते, क ख ग घ या चारही आवाजांना एकच अक्षर असतं हे एकदा डोक्यात बसलं की हात चालतो. तमिळनाडू सरकारची तमिळ व्हर्च्युअल अकॅडमी आहे, ती तमिळनाडूबाहेरच्या लोकांसाठीच सुरू झाली, त्यांचे धडे ऑनलाइन मिळतात. तू शिकत शिकत मुलांना शिकव, एक धडा पुढे राहिलास तरी पुरे.

हसणाऱ्यांचं वाईट वाटतं हे कळतंय मला. तीन पिढ्या घराबाहेर मराठी वातावरणात राहून तुमच्या घरानं तमिळ टिकवलंय, त्यात मराठी शब्द आले असतील, त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. पण त्या आयटीवाल्यांना शत्रू करू नकोस. त्यांना भाषा येते आणि गाव माहीत नाही, तुला गाव माहितीये. लाउडस्पीकरची परवानगी कोणत्या पोलीस स्टेशनला, कॅन्टोन्मेंट बोर्डात कुठल्या टेबलावर जायचं, हे त्यांना दहा वर्षांत कळणार नाही. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला वाचनवर्गाला शिकवायला बोलाव, तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातल्या १३३० कुरळांपैकी, म्हणजे दोन ओळींच्या पद्यांपैकी, आठवड्याला दोन घेतले तरी मुलांना पुष्कळ झाले. एकत्र काम केल्यावर हसणं बंद होतं, हे मी बघितलंय.

२०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना बीचवर जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरच्या बंदीविरुद्ध मुलं जमली होती ते आठवत असेल तुला. बंदीच्या बाजूचे विरोधातले वाद बाजूला ठेव, मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की कोणत्याही पक्षाचा पुढारी पुढे नसताना त्या हजारो मुलामुलींनी कित्येक दिवस खाणं, पाणी, कचरा गोळा करणं, ट्रॅफिकला वाट करून देणं, सगळं आपसात वाटून घेतलं. शेवट पोलिसांच्या कारवाईनं झाला, तो दुःखाचा भाग आहे. पण तरुणांना जबाबदारी पेलत नाही असं तुझ्या मीटिंगमध्ये कुणी म्हटलं तर हे सांग.

प्रश्न : मी खडकीचा, वय ७४, फॅक्टरीतून निवृत्त. आमच्या तमिळ संगमचा, म्हणजे मंडळाचा, विश्वस्त आहे. तुमचा गेल्या अंकातला लेख एकतर्फी वाटला. तरुण फक्त जेवायला येतात. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या मीटिंगला बोलावलं तर येत नाहीत. आमची पेठेत स्वतःची जागा आहे, आम्ही आणि आमच्या वडिलांनी एक एक रुपया जमवून घेतली. या मुलांच्या हातात दिली तर उद्या बिल्डरला विकून मोकळे होतील. आम्ही कुणाच्या भरवशावर सोडायचं?

उत्तर : काका, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी फार गंभीरपणे घेतलंय. जागेची भीती बहुतेक जुन्या विश्वस्तांच्या पोटात असते, बोलून थोडेच दाखवतात, आणि पेठेतल्या जागांचे आजचे भाव बघता ती चुकीची म्हणता येणार नाही. पण कायदा तुमच्या बाजूनं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ३६ सांगतं की सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि लांब मुदतीच्या भाड्यानं द्यायलाही परवानगी लागते. कुणी दोन पोरांनी सही केली आणि जागा गेली असं होत नाही. मात्र त्यासाठी जागा शेड्यूल वनवर ट्रस्टच्या नावानं नीट चढलेली पाहिजे. जुन्या संस्थांमध्ये कधीकधी जागा अजून एखाद्या दिवंगत संस्थापकाच्याच नावावर असते आणि मग खरा धोका त्यांच्या वारसांकडून असतो, आणि मंडळातल्या मुलांचा त्यात काही संबंध नसतो. आधी तो उतारा काढून बघा. ढोले पाटील रोडच्या कार्यालयात अर्ज देऊन नक्कल मिळते. आणि सोबत पंचवीस-तीस वर्षांचं एखादं माणूस घेऊन जा, त्यानं ती फाइल एकदा डोळ्यांनी बघितली की जागा कशी उभी राहिली हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.

जेवायला येतात म्हणता, येऊ देत हो. जो सक्करै पोंगलच्या गोड भातासाठी का होईना दोन तास गाडी चालवून येतो त्याला अजून आपल्यात यावंसं वाटतंय. त्या दिवशी जेवणानंतर लोक पांगायच्या आत अर्धा तास बसवा. तुमची मीटिंग गुरुवारी संध्याकाळी सहाला असते असं तुम्हीच लिहिलंय, त्या वेळी हिंजवडीतला माणूस पुलाखाली ट्रॅफिकमध्ये असतो. रविवारी सकाळी घ्या, आणि येता न येणाऱ्यांना फोनवर जोडून घ्या.

आता एक गोष्ट जरा कडक वाटेल पण बोलते. तुमच्या दोन पानी पत्रात एकाही बाईचा उल्लेख नाही. पोंगलचा कोलम, म्हणजे रांगोळी, कोण काढतं, स्वयंपाकावर देखरेख कोणाची, नवरात्रात कोलूच्या पायऱ्या कोण लावतं, मुलांकडून तिरुप्पावै या भक्तिकाव्याची ३० पदं कोण पाठ करून घेतं? त्या बायकांना यादी करता येते, पैसे पुरवता येतात, पन्नास माणसांचं रुसणं फुगणं सांभाळता येतं, आणि त्यातल्या कित्येक जणी बँकेत, शाळेत, सरकारी नोकरीत अधिकारी म्हणून काम करून आल्यात. तुम्ही कमिटीत "कुणाच्या भरवशावर सोडायचं" म्हणता तेव्हा त्या स्वयंपाकघरात असतात. महिला विभाग वेगळा काढून हळदीकुंकवापुरता ठेवू नका, खजिनदार करा, सेक्रेटरी करा. त्यांच्या मागून त्यांची मुलं आपणहून येतात.

सिंगापूरचं उदाहरण तुम्हाला आवडेल म्हणून देते. तिथे तमिळ चार अधिकृत भाषांपैकी एक, तरीही मुलं घरात इंग्लिशच बोलायला लागली ही काळजी तिथेही आहे. २०१२ पासून दर एप्रिलला तिथे तमिळ भाषा महोत्सव होतो. महिनाभरातले कार्यक्रम वेगवेगळ्या संस्था आपापले करतात, त्यात विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांच्या तमिळ संस्था पण असतात, आणि त्यांचा कार्यक्रम त्यांनीच ठरवायचा, त्यांनीच उभा करायचा. आपल्याकडे एवढा पसारा नको. तुमच्या वर्षातल्या चार कार्यक्रमांपैकी एक पूर्णपणे तिशीच्या आतल्यांकडे द्या, बजेट ठरवून द्या आणि त्या दिवशी तुम्ही पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसा. पट्टिमंड्रम म्हणजे वादसभा घेतील, पराई हे चर्मवाद्य वाजवतील, स्टँडअप कॉमेडी करतील, तुम्हाला सगळं आवडेल असं नाही, पण मध्ये उठून माइक घेऊ नका एवढं मात्र कळकळीनं सांगते.

प्रश्न : आमच्या मंडळाचे खजिनदार अचानक वारले. बँक म्हणते नवीन नावं धर्मादायच्या रेकॉर्डला दाखवा मगच सही बदलू. खात्यात पैसे आहेत आणि ऑडिटरची फी द्यायला आम्ही खिशातून जमवतोय. (कॅम्प)

उत्तर : विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांच्या आत त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, कारण खरं लिहा. सभेची नोटीस, ती सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र, ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, एवढं तयार ठेवा. बरेच अर्ज नोटीस नीट दिलेली नाही यावरच अडकतात, म्हणून सभा परत घ्यावी लागली तरी नियमानं घ्या. बँकेला अर्ज दाखल केल्याची पोच दाखवून मॅनेजरशी बोला, काही बँका तेवढ्यावर उर्वरित दोन सह्यांनी वैधानिक खर्च करू देतात, काही देत नाहीत. आणि यापुढे तीन सह्या ठेवा, कोणत्याही दोन चालतील असा ठराव करा, तिसरी सही चाळिशीच्या आतल्या माणसाची.

प्रश्न : आम्हा मराठी वाचकांना तमिळ मंडळांच्या भानगडीत काय रस असणार? (कोथरूड)

उत्तर : कारण आपली माणसं पण तिकडे आहेत, आणि फार आधीपासून. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरला गेले, १८५५ मध्ये ते राज्य खालसा झालं, तरी तिथली मराठी घरं आजही तमिळनाडूत आहेत, घरात त्यांची वेगळी मराठी बोलतात, बाहेर तमिळ. देहूरोडच्या त्या मुलाचं जे आहे ना, बोलता येतं पण लिपी येत नाही, ते त्यांच्याही घरात आहे. त्या समाजानं चेन्नईत १९१२ साली महाराट्टा एज्युकेशन फंड काढला, मुलांच्या शिक्षणाला मदत करायला. मला यातलं घेण्यासारखं वाटतं ते हे की कार्यक्रमापेक्षा शिक्षणाच्या मदतीशी जोडलेल्या संस्थेकडे तरुण माणूस गरजेच्या वयात स्वतःहून येतो, सोळा-सतराव्या वर्षी. ज्याला फीला मदत मिळाली त्याला पंचविशीत कमिटीवर बोलावलं तर तो नाही म्हणत नाही. पुण्यातल्या तमिळ मंडळांनी पोंगलच्या खर्चातला काही भाग दरवर्षी दोन मुलांच्या फीला ठेवला तर मला फार आनंद होईल, आणि बाहेरगावच्या महाराष्ट्र मंडळांनी पण.

प्रश्न : मी १९ वर्षांची. बाबा तमिळ, आई मराठी, घरात मिक्स चालतं. मला भरतनाट्यममुळे मंडळात जायला आवडतं. सभासदत्वाचा फॉर्म मागितला तर एक अंकल म्हणाले मातृभाषा तमिळ पाहिजे, तुझी आई मराठी आहे ना. मग मी कोण? (बिबवेवाडी)

उत्तर : बाळा, त्या अंकलना मंडळाच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत मागायची. प्रेमानं पण माग. पुष्कळ ठिकाणी अशी अट घटनेत लिहिलेलीच नसते, कुणीतरी कधीतरी म्हटलेलं असतं आणि तेच नियम म्हणून चालत येतं. नसेल लिहिलेलं तर फॉर्म भर, बाबांच्या ओळखीच्या दोन सभासदांच्या सूचक-अनुमोदक म्हणून सह्या घे, वर्गणी भर आणि पावती जपून ठेव. लिहिलेलं असेल तर ती अट बदलायला हवी, तमिळ भाषा आणि कलांमध्ये रस असणारा कोणीही प्रौढ माणूस असं हवं, कारण पुण्यात आता तुझ्यासारखी घरं वाढतच जाणार आहेत आणि तुम्हाला बाहेर ठेवून ही मंडळं कुणाच्या जोरावर चालणार आहेत ते मला तरी दिसत नाही. घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेतच होते आणि ती मांडायला सभासद लागतो, तेव्हा बाबांना पुढे कर, त्यांनी लेखी सूचना द्यायची, सभेच्या नोटिशीत विषय आला पाहिजे. सभा साधारण ऑडिट झाल्यावर, सप्टेंबरच्या आसपास असते. नोटीस निघाली की मला कळव, मसुदा मी बघून देईन.